मार्चचं ऊन, गवतातली साखर आणि बिस्किटचे पाय

इंग्लंडात मार्च लागला की माणसांच्या अंगात उत्साह संचारतो. दुकानात येणारा प्रत्येक जण "काय सुंदर ऊन पडलंय!" म्हणतो. मी औषधांची पिशवी हातात देत "हो ना" म्हणते आणि मनात माझा हिशोब चालू असतो: काल रात्री उणे दोन, आज सकाळपासून लख्ख ऊन, उद्याही तसंच. म्हणजे आज बिस्किटला कुरणात सोडायचं नाही.

बिस्किट हा आमचा पोनी. वेल्श माउंटन जातीचा, पांढरा, वय 17, उंची माझ्या छातीपर्यंत, वजन 240 किलोच्या आसपास आणि स्वभाव चिंगूस सावकाराचा. लेकीसाठी घेतला होता. ती आता लीड्सला शिकते. जाताना "आई, त्याला विकू नकोस हं" एवढं सांगून गेली आणि पोनी माझ्या पदरात पडला. मी मूळची सांगलीची. घोडा जवळून पाहिला होता तो फक्त लग्नाच्या वरातीत. फार्मसी पुण्यात शिकले आणि आता श्रॉपशायरमध्ये, वेल्सच्या सीमेजवळच्या एका लहानशा गावात औषधांच्या दुकानात काम करते. पन्नाशीत रोज सकाळी उठून लीद काढीन असं कुणी कॉलेजात सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

तर या सगळ्या धास्तीचं नाव लॅमिनायटिस. भारतातल्या मैत्रिणींना सांगायला गेलं की "पायाचं काहीतरी ना?" इथवरच गाडी येते, म्हणून जरा नीट सांगते.

घोड्याचा खूर बाहेरून भरीव ठोकळा दिसतो, पण तो आहे टोपणासारखा पोकळ आणि त्याच्या आत एक हाड टांगलेलं असतं. टांगलेलंच म्हणायचं, कारण ते तळव्यावर नुसतं टेकलेलं नसतं. पातळ पापुद्र्यांनी खुराच्या भिंतीला आतून धरलेलं असतं. एका खुरात असे साडेपाचशे-सहाशे पापुद्रे, आणि त्यातल्या प्रत्येकाला पुन्हा दीड-दोनशे बारीक उपपापुद्रे. हाडाकडचे आणि भिंतीकडचे पापुद्रे एकमेकांत गुंतलेले, आणि सगळ्या जनावराचा भार त्या पकडीवर. लॅमिनायटिसमध्ये ही पकड ढिली होते. वेदना भयंकर असतात, कारण बाहेरची भिंत कडक, आत सूज यायलाही जागा नाही. पकड सुटत गेली तर हाड आतल्या आत फिरतं, खाली खचतं, आणि अगदी वाईट वेळ आली तर तळवा फोडून बाहेर येतं. पुढच्या पायांवर जवळजवळ 60 टक्के भार असतो, त्यामुळे बहुतेक वेळा पहिला तडाखा त्यांना. इथे कितीतरी पोनींना शेवटचं इंजेक्शन द्यायची वेळ या दुखण्यापायी येते.

आता मार्चच्या गवताकडे येते.

धोका म्हणजे गुडघाभर वाढलेलं हिरवंगार गवत, असं नवख्या माणसाला वाटतं. मेमध्ये तो धोका असतोच, आणि दिसतोही. मार्चमधलं शेत मात्र खरवडल्यासारखं उजाड दिसतं, आणि "यात खाण्यासारखं आहेच काय?" असं म्हणून लोक पोनी सोडून देतात. गवत उन्हात साखर बनवतं आणि ती वाढीला खर्च करतं, एवढं शाळेत शिकलेलं असतं. पण वाढीला ऊब लागते. साधारण पाच अंशांच्या खाली इथल्या गवताची वाढ थांबते. साखर बनवायला मात्र नुसतं ऊन पुरतं. रात्री फ्रॉस्ट, म्हणजे गोठवणारी थंडी, आणि दिवसा ऊन असा आठवडा आला की जमा चालू आणि खर्च बंद. शिल्लक साखर फ्रुक्टान नावाच्या रूपात साठत जाते, आणि साठते कुठे, तर दांड्याच्या बुडाशी. कुरतडून दोन बोटं उरलेल्या शेतात पोनी नेमका तोच बुडखा खातो. एकेक घास लहान असतो, पण गोड.

त्यातून आमच्या कुरणात आहे रायग्रास. शेजारच्या शेतकऱ्याकडून दोन एकर भाड्याने घेतलंय. त्याने ते कधीकाळी दुभत्या गायींसाठी पेरलेलं. जास्त साखर, जास्त दूध, या हिशोबाने निवडत आणलेलं गवत. गायीला ते लाभतं. आपल्याकडच्या माळावरची मारवेल, पवन्या ही उष्ण प्रदेशातली गवतं जादा साखर पिष्ट करून पानात ठेवतात, आणि पान भरलं की तिथे आपोआप थांबायला होतं. थंड प्रदेशातल्या गवताच्या फ्रुक्टानला असा बांध नाही.

पण साखर खाल्ली पोटाने आणि दुखले पाय, हे कसं? फ्रुक्टान मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, तिथली जिवाणूंची घडी विस्कटते आणि रक्तात विष उतरतं, अशी समजूत बरीच वर्षं होती. तसा प्रकारही आहे. दाण्याच्या खोलीचं दार उघडं राहिलं आणि घोड्याने पोतं रिकामं केलं की होतो तो. कुरणात चरणाऱ्या पोनींचं दुखणं मात्र बहुतेक वेळा इन्सुलिनचं असतं. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला: ठणठणीत पोनींच्या रक्तात ग्लुकोज सांभाळत इन्सुलिनची पातळी सतत वर ठेवली, आणि 72 तासांच्या आत त्या सगळ्यांना लॅमिनायटिस झाला. ना जादा गवत, ना आतड्यात बिघाड. नुसतं इन्सुलिन. पापुद्र्यांच्या पेशी त्याने ताणल्या जातात, लांबट होतात आणि भार पेलेनाशा होतात.

हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यात लगेच पुणं आलं. फार्मसी शिकलेल्या कुणाच्याही येईल. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा तो प्रसिद्ध फोटो 'लॅन्सेट'मध्ये 2004 साली छापून आला होता. शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर, दोघांचा बीएमआय 22.3, पण अंगातली चरबी युडकिनांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवती आणि त्यांची बाळं यांच्यावरचा त्यांचा अभ्यास 1993 पासूनचा; अर्धपोटी आईच्या उदरात वाढलेलं शरीर काटकसर शिकूनच बाहेर येतं आणि पुढे सुबत्ता आली की तीच काटकसर नडते, या विचाराला त्या अभ्यासाने बळ दिलं. आमच्या घरात बाबा, दोन्ही काका आणि आत्या असे चौघे मधुमेहाच्या गोळ्या घेणारे, त्यामुळे मला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

वेल्श डोंगरातल्या पोनीचं तसंच आहे, फक्त कारण वेगळं. उत्तर वेल्सच्या कार्नेदाय डोंगरांवर अजूनही अर्धरानटी पोनींचे कळप आहेत. हिवाळाभर वारा, पाऊस, राठ गवत आणि काटेरी गॉर्सची झुडपं. वसंत येईपर्यंत त्यांच्या बरगड्या मोजाव्यात. मग उन्हाळ्यात पुन्हा अंग भरतं. शतकानुशतकं हेच चक्र. त्या रक्ताचा पोनी दुभत्या गायींच्या कुरणात आणून सोडला, वर थंडी वाजेल म्हणून झूल घातली, संध्याकाळी मायेने बादलीभर चंदी दिली, तर दुसरं काय होणार? शेटलंड, डार्टमूर, एक्समूर, कॉनेमारा, सगळ्या देशी पोनींची हीच कथा. इथले लोक कौतुकाने सांगतात, "आमचा नुसत्या हवेवर जाडा होतो." माझी आत्याही असंच म्हणते.

एक फरक मात्र लक्षात ठेवायचा. माणसाच्या मधुमेहात आपण साखरेच्या आकड्याकडे बघतो. पोनीची रक्तशर्करा बहुतेक वेळा जागच्या जागी असते. ती जागेवर ठेवण्यासाठी इन्सुलिन आभाळाला भिडलेलं असतं, आणि पायांना मारतं ते हेच इन्सुलिन. म्हणून नुसती साखर तपासून "सगळं ठीक आहे" असा निर्वाळा देण्यात अर्थ नसतो.

आणि म्हणूनच माझ्या मते मार्चची तयारी मार्चमध्ये करायची गोष्टच नाही. ती नोव्हेंबरात सुरू होते. बिस्किटच्या अंगावर मी हिवाळ्यात झूल घालत नाही. अंगावर केसांचा एवढा जाड थर निसर्गाने दिलाय, त्याने थोडी थंडी सोसावी, चरबी जाळावी. पावसात भिजून उभा दिसला की रस्त्यावरून जाणारे थांबतात, एकीने तर गेटवर चिठ्ठी लावली होती, की या बिचाऱ्या पोनीला झूल विकत घ्यायला पैसे हवेत का? चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. हिवाळ्यात त्याचं वजन हळूहळू उतरलं पाहिजे, म्हणजे वसंतात तो बारीक असताना पाऊल टाकतो. दर रविवारी छातीभोवती वजनाची टेप लावते. टेपचा आकडा खरा असतोच असं नाही, पण तो चढतोय की उतरतोय ते कळतं. त्याहून माझा भरवसा मानेवर. आयाळीखालची कड हाताने धरून डावी-उजवीकडे हलवायची. सहज हलली तर ठीक; घट्ट, टणक, मुठीत मावत नसेल तर वजनाची टेप काहीही म्हणो, काळजी करायची. बरगड्या दिसू नयेत, पण हात सपाट फिरवला की बोटांना लागल्या पाहिजेत.

मार्चपासून जूनपर्यंतचा आमचा दिनक्रम सांगते. कुरण मोकळं ठेवलेलं नाही. कडेकडेने चारी बाजूंनी दोन-अडीच मीटर रुंदीची पट्टी झटक्याच्या तारेने आखलीय. सांगलीकडे डुकरांसाठी मशीन लावतात तसलंच मशीन, बॅटरीवर चालणारं. त्या पट्टीतलं गवत जवळजवळ संपलेलं. एका टोकाला पाणी, दुसऱ्या टोकाला वैरणीची जाळी, म्हणजे त्याला सतत ये-जा करावी लागते. मधलं गवत फक्त बघायचं. पट्टी असूनही फ्रॉस्टनंतर ऊन पडलं तर तो त्या दिवशी तबेल्याबाहेरच्या फरशीवर, बस. ढगाळ, उबदार, पावसाळी दिवस असेल तर निर्धास्त, कारण उबेत गवत वाढतं आणि साखर खर्चून टाकतं. एरवी साखर सगळ्यात कमी असते ती पहाटे, संध्याकाळी चारच्या सुमाराला ती भरात असते. शाळा सुटल्यावर मुलं येतात, पोनी बाहेर काढतात, चरायला सोडतात, ती नेमकी वाईट वेळ. मी त्याला पहाटे साडेपाचला सोडते आणि कामावर निघण्याआधी आत घेते.

सोडताना तोंडाला मुसकं. खळ्यावर बैलांना बांधतात तसं, पण प्लॅस्टिकचं, तळाला एक भोक असलेलं. भोकातून गवताची शेंडीच तेवढी आत येते. अभ्यासांत असं दिसलंय की मुसक्यामुळे खाणं 80 टक्क्यांच्या आसपास कमी होतं. गवत अगदीच खुरटं असेल तर भोकातून काहीच येत नाही आणि पोनी वैतागतो, म्हणून ते जरा वाढलेल्या पट्टीतच वापरायचं, पाणी पिता येतंय ना ते बघायचं, आणि दिवसरात्र ठेवायचं नाही. गालाच्या हाडावर घासून केस जातात, तिथे मी मेंढीच्या लोकरीचा तुकडा शिवलाय.

मुसक्याचा फोटो पाहून आईचा फोन आला. "अगं, मुक्या जनावराच्या तोंडचं गवत काढतेस? पाप लागेल."

"आई, बाबांच्या ताटातली जिलबी कोण काढायचं?"

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "त्यांना मुसकं नव्हतं बांधलं मी." बांधायला हवं होतं, हे बाबांच्या शेवटच्या रिपोर्टवरून दोघींनाही माहीत आहे.

मुसक्याला नावं ठेवणारे इथेही कमी नाहीत. "त्यापेक्षा मी दोन-तीन तासच सोडते," असं म्हणणाऱ्या निदान चार जणी माझ्या ओळखीत आहेत. पोनीला घड्याळ कळत नाही असं त्यांना वाटतं. त्याला ते आपल्याहून चांगलं कळतं. थोडाच वेळ मिळणार हे एकदा लक्षात आलं की तो मान वर न करता खातो. तीन तासांच्या मोकळीकीत पोनी दिवसभराच्या खुराकाचा 40 टक्के भाग फस्त करतात असं मोजून पाहिलेलं आहे. वेळ कमी करून फायदा झाला असं वाटतं तेव्हा वेग वाढलेला असतो.

वैरणीचा हिशोब सरळ आहे. वजन उतरवायचं असेल तर दिवसाला शरीराच्या वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा. 240 किलोंचे झाले 3.6 किलो, वाळल्या गवतातही थोडं पाणी असतंच, म्हणून काट्यावर सव्वाचार किलो धरते. तेही एकदम नाही, बारीक भोकांच्या जाळीत, तीन-चार वेळा विभागून. अंदाजे चार पेंड्या टाकल्या, असं चालत नाही. मासे तोलायचा वजनकाटा मिळतो ना, हुकवाला, तो तबेल्याच्या तुळईला टांगलाय.

ही वैरण भिजवून द्यायची. तबेल्यामागे एक मोठं जुनं प्लॅस्टिकचं पिंप आहे. रात्री आठला जाळी त्यात बुडवायची, वर दगड ठेवायचा. पहाटे वरचा बर्फाचा पापुद्रा कोपराने फोडून जाळी वर ओढायची. कोरडी सव्वाचार किलोंची वैरण आता पाणी पिऊन दुपटीहून जड झालेली असते, बाहीतून थंड पाणी काखेपर्यंत उतरतं, आणि पिंपात उरतं तपकिरी, फेसाळ, गोडूस वासाचं पाणी. ती साखर त्याच्या पोटात जाणार होती, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढते. पाणी ओढ्यात ओतायचं नाही; मासे मरतील इतकं ते घाण असतं. भिजवल्याने साखर किती उतरते, याचा नेम नाही. गवतागवतावर आहे, कधी थोडीच, कधी निम्मी. म्हणून ट्रेलरभर गवत घेताना नमुना प्रयोगशाळेत पाठवते. साखर आणि पिष्ट मिळून 10 ते 12 टक्क्यांच्या आत हवं. भिजवण्यात क्षारही वाहून जातात, त्यासाठी मूठभर क्षार-जीवनसत्त्वांची भुकटी. वाफवलेलं गवत धुळीसाठी उत्तम, साखरेसाठी निरुपयोगी. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण दुकानदार एकाच दमात विकतो.

आता पाय. बिस्किट आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या खुरांवर कड्या, म्हणजे आडव्या वळ्या, होत्या. कड्या बऱ्याच घोड्यांना असतात, ऋतू बदलला, खाणं बदललं की उमटतात, आणि पुढून मागे सारख्या अंतराने जातात. त्याच्या कड्या पुढे जवळजवळ आणि टाचेकडे फाकत गेलेल्या. म्हणजे पुढची वाढ खुंटलेली, टाचेची चालू. हे जुन्या लॅमिनायटिसचं हस्ताक्षर. खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे कातडीच्या कडेपासून कडी किती खाली आहे ते पट्टीने मोजलं की दुखणं कधी येऊन गेलं तेही कळतं. नालबंदाने मोजून सांगितलं, "मागचा वसंत." विकणाऱ्या बाईंनी "एकदाही आजारी पडला नाही" असं सांगितलं होतं. लेक त्याच्या गळ्यात पडलेली होती, त्यामुळे पुढची चर्चा झाली नाही.

रोजची तपासणी हाताने. पायाच्या मागच्या बाजूला, टाचेच्या वरच्या सांध्याशी, दोन्ही कडांना बोटं टेकवायची. तिथून खुरात जाणारी शीर असते. निरोगी पोनीत ती नाडी शोधावी लागते, बोटं जरा हलवून, श्वास रोखून, "लागली... गेली" असं होतं. दाबून धरलं तर लागतच नाही. ती जेव्हा शोधायची गरज पडत नाही, बोटं टेकवताच ठोके हाताला धडकतात, तेव्हा काहीतरी बिनसलंय. खूर गरम लागणं फसवं असतं, उन्हात उभा राहिला तरी गरम होतो. नाडी रोज पाहिली तर आपल्या पोनीची नेहमीची कशी ते हाताला ठाऊक राहतं. शिवाय कठीण जमिनीवर लहान वर्तुळात वळवून बघायचं: सरळ नीट चालणारा पोनी वळताना पाय चोरतो, ते पहिलं लक्षण. एका पायावरून दुसऱ्यावर भार बदलत राहणं, टाच आधी टेकणं, आणि चित्रांत दाखवतात ती पुढचे पाय पुढे टाकून मागे रेललेली मुद्रा, ही सगळी नंतरची. तिथवर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

इन्सुलिनची चाचणी दर वसंतात करून घेतो. ती मजेशीर असते. काही तास उपाशी ठेवून पोनीला तोंडातून मक्याचा पाक द्यायचा, किलोला 0.45 मिलिलीटर, म्हणजे बिस्किटला 108. आणि तासा-दीड तासाने रक्त. वर्षभर ज्याला गोड दाखवत नाही त्याला व्हेटच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरच्या, हाताने पिचकारीतून पाक मिळतो. तो तिच्या गाडीचा आवाज ओळखतो आता. गेल्या वर्षी आकडा वाईट आला तेव्हा तिने एर्टुग्लिफ्लोझिन सुरू केलं. मी चाट. माणसांच्या मधुमेहावरच्या औषधांची ही जात मी रोज काउंटरवरून देते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. पोनींसाठी तिला परवाना नाही, व्हेट स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देते, आणि रक्तातली चरबी फार चढत नाही ना हे पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. काही महिन्यांनी वजन उतरलं, मग थांबवलं. औषधाने सवड मिळते, पण पिंप आणि काटा सुटत नाहीत. पंधराच्या पुढच्या पोनींमध्ये पिट्युइटरी ग्रंथीचा कुशिंग नावाचा विकारही बघावा लागतो. त्याची रक्ततपासणी वेगळी, गोळी वेगळी, पर्गोलाइडची. बिस्किटची तपासणी स्वच्छ आली.

एवढं करूनही दुखणं आलंच, तर काय? चालवायचं नाही. "जरा फिरव, मोकळा होईल" हा सल्ला देणारा म्हातारा प्रत्येक गावात असतो. त्याला नमस्कार करायचा आणि व्हेटला बोलवायचं, त्याच दिवशी. तबेल्यात दारापर्यंत वीतभर तरी जाड भुसा, म्हणजे तळव्याला आधार मिळतो आणि त्याला आडवं होता येतं. अगदी सुरुवातीलाच पाय बर्फात ठेवले तर उपयोग होतो. आणि उपाशी ठेवायचं नाही, हे फार जण चुकतात. लठ्ठ पोनी एकदम उपाशी राहिला तर अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत बसतं, आणि पाय बरे व्हायच्या आत पोनी जातो. भिजवलेली, मोजलेली वैरण चालूच ठेवायची.

एप्रिलमध्ये भाच्याचं लग्न आहे सांगलीला. वर्षातला सगळ्यात वाईट महिना, पण मुहूर्त माझ्या पोनीला विचारून काढत नाहीत. शेजारच्या शेतकऱ्याची सोळा वर्षांची मुलगी बिस्किटला बघणार आहे. तिच्यासाठी तबेल्याच्या दारावर कागद चिकटवलाय: सकाळी आधी नाडी, मग गेट. रात्री शून्याच्या खाली गेलं असेल आणि आभाळ निरभ्र असेल तर गेट उघडायचंच नाही. मुसकं घातल्यावर दोन बोटं आत जातात ना ते बघ. वैरण काट्यावर, नजरेने नाही. शंका आली तर मला फोन करू नकोस, मी मांडवात असेन. सरळ व्हेटला कर, पैसे मी देईन. त्याचा पासपोर्ट डाव्या कप्प्यात आहे. (हो, इथे घोड्यालाही पासपोर्ट लागतो. वेदनाशामक ब्यूट द्यायचं तर आधी त्यात तो खाण्यासाठी कापला जाणार नाही अशी नोंद असावी लागते. ती केलेली आहे.)

खरारा, लीद, पाणी तिला माझ्याहून चांगलं जमतं, ती घोड्यांतच वाढलीय. फक्त तिच्या खिशात कायम पोलो मिंटच्या गोड गोळ्यांची पुडी असते आणि बिस्किटला ते माहीत आहे. कागदाच्या तळाशी लाल शाईने त्याचीही ओळ लिहिली आहे. तिने वाचून मान हलवली खरी, पण त्याच वेळी तो तिचा खिसा हुंगत होता.